पाण्यावरून आकाशात

हिवाळ्याच्या दिवसांत महाराष्ट्रातील तळ्यांवर आणि धरणांच्या जलाशयांवर वारकरी नावाचा एक पक्षी मोठ्या संख्येने दिसतो. त्याचे अंग काळेभोर असते. चोच आणि कपाळ मात्र पांढरेशुभ्र. पाण्यावर तो बदकासारखा निवांत तरंगत असतो. परंतु उडण्याची वेळ आली म्हणजे त्याची मोठी धांदल होते. चिमणी फांदीवरून जशी सहज उडते, तसे त्याला पाण्यावरून उडता येत नाही. पंख फडफडवीत आणि पायांनी पाणी तुडवीत तो पृष्ठभागावरून बरेच अंतर धावत जातो. प्रथम त्याचे पोट पाण्यात असते, मग ते हळूहळू वर येते, मग केवळ पायांची बोटे पाण्याला लागत राहतात आणि शेवटी तीही सुटतात. मागे पाण्यावर पावलांच्या खुणांची एक रांग क्षणभर दिसते आणि नाहीशी होते.

ज्या पाण्याने त्या पक्ष्याला इतका वेळ तोलून धरले होते, त्याच पाण्याने उडताना त्याला अडविले. पाण्याचा हा दुहेरी स्वभाव ज्यांना नीट ओळखता आला, त्यांनाच पाण्यावरून विमान उडविता आले. मोठ्या विमानांच्या बाबतीत हे जितके खरे आहे, तितकेच ते रेडिओलहरींच्या साहाय्याने काठावरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या विमानांच्या बाबतीतही खरे आहे. छोट्या विमानाचे वजन दोन-तीन किलोग्रॅम असेल, पंखांची लांबी हातभर किंवा दोन हात असेल. परंतु विमान लहान आहे म्हणून पाणी त्याला निराळे नियम लावीत नाही.

जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला चाके असतात. ती काढून त्यांच्या जागी होडीसारखे दोन लांबट, पोकळ भाग बसविले, म्हणजे ते विमान पाण्यावर तरंगू शकते. या भागांस इंग्रजीत फ्लोट म्हणतात. मराठीत त्यांस तरंडे म्हणता येईल. कोळ्याच्या गळाला लावलेला तरंडा पाण्यावर डुलत राहतो, तसेच हे तरंडे विमानाला पाण्यावर राखतात. मात्र गळाच्या तरंड्याला केवळ तरंगायचे असते. विमानाच्या तरंड्याला तरंगायचे असते, धावायचे असते आणि अखेरीस पाण्याचा निरोपही घ्यायचा असतो.

यांपैकी पहिले काम सर्वांत सोपे आहे. कोणताही पदार्थ जितके पाणी बाजूला सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाइतका आधार त्याला पाण्याकडून मिळतो, हा आर्किमिडीजचा सिद्धांत सर्वांच्या परिचयाचा आहे. समजा, एका छोट्या विमानाचे वजन तरंड्यांसह दोन किलोग्रॅम आहे. त्याला तरंगत ठेवण्यासाठी दोन किलोग्रॅम, म्हणजे दोन लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. परंतु दोन्ही तरंड्यांचे आकारमान मिळून नेमके दोनच लिटर ठेवले, तर ते तरंडे काठोकाठ बुडतील आणि लहानशी लाटही त्यांच्या डोक्यावरून जाईल. म्हणून अनुभवी कारागीर ते विमानाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट धरतात. दोन किलोग्रॅमच्या विमानाला प्रत्येकी दोन लिटर आकारमानाचे दोन तरंडे दिले, म्हणजे ते निम्मेच बुडतात. माणसे वाहून नेणाऱ्या मोठ्या जलविमानांसाठी अमेरिकेत जो नियम आहे, तोही असाच आहे: विमानाच्या पूर्ण वजनास पुरेल त्याहून शेकडा ८० अधिक आधार देण्याची शक्ती तरंड्यांत असली पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. त्यामुळे पाण्यातून जाणाऱ्या वस्तूस होणारा विरोध फार मोठा असतो. शिवाय पाण्याला आणखी एक खोड आहे. ती पाहण्यासाठी घरातील नळ आणि एक चमचा पुरेसा आहे. नळाची धार सावकाश सोडावी. चमच्याच्या दांड्याचे टोक दोन बोटांत सैल धरून तो लोंबकळत ठेवावा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावावी. पाण्याची धार चमच्याला दूर ढकलील, अशी पाहणाऱ्याची अपेक्षा असते. घडते ते उलटच. चमचा धारेकडे ओढला जातो आणि तिला चिकटून राहतो. पाणी चमच्याच्या गोलाईला धरून वळते, आणि वळताना चमच्याला आपल्याकडे खेचते.

होडीचा मागचा भाग चमच्याच्या पाठीसारखा गोलसर असला, तर वेगाने जाताना पाणी त्या गोलाईला धरून वर वळते आणि होडीचा मागचा भाग खाली खेचते. होडीचे यात फारसे बिघडत नाही. तिला आयुष्यभर पाण्यातच राहायचे असते. विमानाला मात्र हे मिठी मारणारे पाणी सोडून जायचे असते. मोटारीची शक्ती वाढवावी, तर वेगाबरोबर पाण्याची ओढही वाढते. या ओढीपुढे उड्डाणाच्या आरंभकाळातील अनेक धाडसी माणसांना हात टेकावे लागले.

ऑस्ट्रियातील विल्हेल्म क्रेस हे त्यांतील एक. पियानो बांधणे हा त्यांचा व्यवसाय आणि उडणारी छोटी विमाने तयार करणे हा त्यांचा ध्यास. रबराच्या पिळावर चालणारी त्यांची छोटी विमाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच उडत असत. त्यांच्याच आधारे त्यांनी माणूस वाहून नेणारे एक मोठे यंत्र बांधले आणि त्याला चाकांऐवजी तरंडे लावले. त्यासाठी मिळालेली मोटार ठरल्यापेक्षा फार जड निघाली. तरीही १९०१ च्या ऑक्टोबर महिन्यात व्हिएन्नाजवळच्या एका जलाशयात त्यांनी ते यंत्र उतरविले. त्या वेळी त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. यंत्र पाण्यावरून धावू लागले. परंतु वळण घेताना ते कलंडले आणि बुडाले. क्रेस वाचले. त्यांची अनेक वर्षांची मेहनत मात्र पाण्याखाली गेली.

अमेरिकेतील ग्लेन कर्टिस यांचा अनुभव निराळा होता, पण निष्कर्ष तोच. त्यांच्या ‘जून बग’ नावाच्या विमानाने १९०८ च्या ४ जुलै रोजी जमिनीवरून यशस्वी उड्डाण करून एक पारितोषिक जिंकले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात त्या विमानाखाली दोन तरंडे बसवून त्याला ‘लून’ हे नवे नाव देण्यात आले. लून हा एक पाणपक्षी आहे. विमान पाण्यावर उत्तम तरंगले, चांगले धावलेही. परंतु पाण्याने त्याला काही सोडले नाही. जे विमान जमिनीवरून सहज उडत होते, तेच पाण्यावर बांधल्यासारखे राहिले. तरंगणे आणि पाण्यावरून सुटणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने स्पष्ट झाले.

पहिले यश फ्रान्समधील आंरी फाब्र यांच्या वाट्याला आले. मार्सेय बंदरातील जहाजमालकांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला होता. त्यांनी १९०९ मध्ये बांधलेले यंत्र पाण्यावरून उठलेच नाही. फाब्र यांनी ते बाजूला ठेवले आणि नव्याने आरंभ केला. दुसऱ्या यंत्राला त्यांनी तीन तरंडे दिले. त्यांची पाठ बाकदार असली, तरी तळ सपाट होता. १९१० च्या २८ मार्च रोजी मार्सेयजवळच्या बेर नावाच्या खाजणात हे यंत्र पाण्यावरून धावले आणि पाणी सोडून वर उचलले गेले. सुमारे अर्धा किलोमीटर अंतर हवेतून जाऊन ते पुन्हा सुखरूप पाण्यावर उतरले. आश्चर्याची गोष्ट ही, की फाब्र यांनी त्यापूर्वी कधीही विमान चालविले नव्हते. पुढे त्यांना शंभरांहून अधिक वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्या छोट्याशा उड्डाणातून जन्मलेली विद्या केवढी वाढली हे त्यांना पाहता आले.

कर्टिस यांनीही हार मानली नव्हती. तरंड्यांचे निरनिराळे आकार करून पाहत त्यांनी १९११ च्या २६ जानेवारी रोजी कॅलिफोर्नियातील सान दिएगोच्या उपसागरावरून यशस्वी उड्डाण केले. पुढच्याच वर्षी त्यांनी ज्याचे अंगच होडीच्या आकाराचे आहे असे विमान बांधले. परंतु येथे जुनीच अडचण पुन्हा उभी राहिली. ही उडती होडी पाण्यावर वेग घेई, पण सुटत नसे. तेव्हा तिच्या तळाला, मध्याच्या सुमारास, एक पायरी देण्यात आली. एवढ्या बदलानंतर होडीने पाणी सोडले. वेगवान मोटारबोटींच्या तळाला अशी पायरी देण्याची युक्ती त्यापूर्वीही माहीत होती. विमानाच्या बाबतीत मात्र तिच्यावाचून गत्यंतर नाही, हे आता कळून आले.

ही पायरी म्हणजे काय? तरंड्याचा तळ पुढच्या टोकापासून मध्यापर्यंत सरळ येतो आणि तेथे एकदम तुटून थोडा वर जातो. तेथून मागचा तळ हळूहळू चढत शेवटापर्यंत जातो. बाजूने पाहिले असता घराच्या उंबऱ्यासारखी एक तीक्ष्ण कडा दिसते. पाणी गोलाईला धरून वळू शकते. परंतु अशा तीक्ष्ण कडेवरून त्याला वळता येत नाही. तेथे पोचताच ते सरळ पुढे निसटते. पायरीच्या मागे जी पोकळी राहते, तिच्यात दोन्ही बाजूंनी हवा शिरते. तरंड्याच्या मागच्या निम्म्या भागाला आता पाणी नव्हे, तर हवा लागलेली असते. पाण्याची मिठी अशा रीतीने सुटते.

विमान वेग घेऊ लागले म्हणजे प्रथम त्याचे नाक वर होते, मागचा भाग पाण्यात रुततो आणि पाण्याचे फवारे उडतात. हा सर्वांत कठीण टप्पा होय. येथे मोटारीला सर्वाधिक शक्ती लागते. तो ओलांडला म्हणजे तरंडे पाण्याला कापण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागतात. चपटा दगड तिरका फेकला असता तो जसा पाण्यात न बुडता टप्पे घेत जातो, तसाच हा प्रकार आहे. आता विमानाचा भार पायरीच्या पुढच्या थोड्याशा तळावर असतो. वारकरी पक्ष्याची केवळ बोटे पाण्याला लागलेली असतात, तीच ही स्थिती. यानंतर पंखांना पुरेसा वेग मिळाला की विमान उचलले जाते.

ही विद्या एकदा हाती आल्यावर तरंड्यांचे विमान मागे राहिले नाही. एक काळ असा होता, की जगातील सर्वांत वेगवान विमाने पाण्यावरून उडत. १९३१ च्या सप्टेंबर महिन्यात रेजिनाल्ड मिचेल यांनी आखलेल्या सुपरमरीन या इंग्रजी जलविमानाने ताशी ६५० किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. १९३४ च्या २३ ऑक्टोबर रोजी इटलीतील गार्दा सरोवरावर फ्रान्चेस्को आजेल्लो यांनी माकी जलविमानातून ताशी ७०९ किलोमीटरांचा वेग नोंदविला. त्या काळच्या विमानतळांवर अशा विमानांना धावण्यास पुरेशी जागा मिळत नसे. सरोवर मात्र हवे तेवढे मोकळे मिळे.

छोट्या विमानांना दुरून चालविण्याची कलाही प्रथम पाण्यावरच अवतरली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे एका हौदात लहानशी होडी सोडून ती तारेवाचून, दुरून चालवून दाखविली. लोकांनी तोंडात बोटे घातली. आज ही सोय हौशी कारागिरांच्या हाती आली आहे. काठावर उभ्या असलेल्या चालकाच्या हातात संदेश पाठविणारे यंत्र असते. विमानात बसविलेले ग्राहक यंत्र तो संदेश घेते आणि त्याप्रमाणे लहान मोटारी शेपटीच्या व पंखांच्या हलत्या पट्ट्या फिरवितात. या सर्वांवर बिघाडाचे सावट एकच, आणि ते म्हणजे पाणी. म्हणून कित्येक जण ग्राहक यंत्र साध्या रबरी फुग्यात घालून त्याचे तोंड घट्ट बांधतात. खाऱ्या पाण्यावरून विमान उडविले असेल, तर घरी परतल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन वाळविणे आवश्यक असते. मीठ धातूला आणि तारांना खाऊन टाकते.

अशा विमानाला तरंडे बसविताना मापांची काळजी घ्यावी लागते. तरंड्यांची लांबी विमानाच्या अंगाच्या लांबीच्या सुमारे तीन चतुर्थांश ठेवण्याचा प्रघात आहे. विमान १२० सेंटिमीटर लांब असेल, तर तरंडे सुमारे ९० सेंटिमीटर लांब होतात. त्यांचे पुढचे टोक विमानाच्या पंख्याच्या पुढे थोडे गेलेले असावे. नाही तर नाक खाली झुकताच पंखा पाण्यात बुडतो आणि विमान कोलांटी खाते. दोन तरंड्यांमधील अंतर पंखांच्या एकूण लांबीच्या सुमारे पाव भागाइतके असावे. अंतर कमी पडले, तर आडव्या वाऱ्यात विमान कलंडते. क्रेस यांच्या यंत्राची आठवण येथे ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पायरीच्या जागेचा. प्रत्येक विमानाचा एक गुरुत्वमध्य असतो. त्या ठिकाणी दोन बोटांवर ते तोलले असता पुढेही झुकत नाही आणि मागेही झुकत नाही. पायरी या गुरुत्वमध्याच्या अगदी खाली, किंवा एखादा सेंटिमीटर मागे असावी. विमान उडण्यापूर्वी पायरीवर तोल घेऊन नाक उचलते. पायरी फार मागे गेली, तर सारा भार तिच्या पुढे पडतो आणि नाक उचलतच नाही. ती पुढे आली, तर विमान मागे बसते आणि पाण्यावर बेडकासारख्या उड्या मारू लागते. पायरीची उंची लहान विमानात एक-दीड सेंटिमीटर पुरते. तिची कडा मात्र तीक्ष्ण हवी. कडा गुळगुळीत घासून गोल केलेला तरंडा दिसावयास सुबक दिसेल. परंतु चमच्याच्या पाठीचा दोष त्यात पुन्हा उतरेल. येथे सौंदर्यापेक्षा धार मोलाची ठरते.

तरंडे पंखांशी कोणत्या कोनात बसवावेत, हेही ठरलेले असते. तरंडे पाण्यावर सरळ धावत असताना पंखांचा पुढचा काठ दोन-तीन अंशांनी वर असावा, म्हणजे पंख तेव्हाही थोडा भार उचलत राहतात. तरंड्यांमुळे विमानाच्या पुढच्या भागाची बाजू वाढते आणि हवेत शेपटी दिशा राखण्यास अपुरी पडते. यासाठी शेपटीखाली एक लहान उभी पट्टी जोडतात. संथपणे जाताना वळता यावे म्हणून एका तरंड्याच्या मागच्या टोकाला पाण्यात बुडणारे लहान सुकाणू लावतात. तरंडे पातळ लाकडाचे पोकळ केले, तर त्यांना आतून-बाहेरून रोगण द्यावे लागते. थर्माकोलचे केले, तर त्यावर मजबूत आवरण घालतात. थर्माकोलला तडा गेला, तरी तो एकदम पाण्याने भरत नाही, हा त्याचा गुण.

एवढे सारे झाल्यावर तो दिवस येतो. विमान पाण्यावर ठेवले जाते. अनेक रात्री जागून केलेले काम प्रथमच हातातून सुटते. जमिनीवर धावणारे विमान चुकले तर थांबविता येते, उचलून आणता येते. काठापासून शंभर पावले आत गेलेल्या विमानाला हात लावता येत नाही. म्हणून जाणता चालक घाई करीत नाही. तो प्रथम वाऱ्याची दिशा पाहतो. तरंड्यांचे विमान पाण्यावर सोडले, की ते आपोआप तोंड वाऱ्याकडे करते. उड्डाणही वाऱ्याच्या तोंडावरच करावयाचे असते. दोन-तीन वेळा विमान नुसतेच पाण्यावर फिरवून परत आणले जाते. ते वळते कसे, कोणत्या बाजूला झुकते, पाणी कोठे उडते, हे पाहिले जाते. मग ते उचलून त्याचे पुन्हा वजन करतात. वजन पहिल्यापेक्षा वाढले असेल, तर कोठेतरी तरंड्यात पाणी शिरले आहे. तसे आढळल्यास त्या दिवशी उड्डाण करावयाचे नाही. हा निर्णय मनाला जड जातो. पण जो तो घेऊ शकतो, त्याचेच विमान दुसऱ्या दिवशी उडते.

सर्व ठीक असले, म्हणजे चालक मोटारीची शक्ती क्रमाक्रमाने वाढवितो. आरंभी शेपटीची आडवी पट्टी वर धरून तो नाक उचललेले ठेवतो. फवारा उडतो, विमान जड झाल्यासारखे भासते. मग तरंडे वर येतात आणि घसरू लागतात. या क्षणी नवखा चालक विमान एकदम वर खेचतो आणि येथेच बहुधा फसतो. वेग अपुरा असताना खेचलेले विमान पाण्यावरून उठते, डगमगते आणि एका पंखावर कोसळते. जाणता चालक पट्टी सैल सोडतो आणि विमानाला धावू देतो. वेग पुरेसा झाला, की किंचितशा इशाऱ्याने ते पाणी सोडते.

आरशासारखे निश्चल पाणी उड्डाणास उत्तम, असे पाहणाऱ्यास वाटते. वास्तविक तसे नाही. अशा पाण्याला तरंडे अधिक चिकटतात, आणि उतरताना पाण्याची पातळी नेमकी कोठे आहे हे डोळ्यांना कळत नाही. मोठ्या जलविमानांचे वैमानिकही निश्चल पाण्याला भितात. पाण्यावर बारीक लहरी असल्या, म्हणजे त्यांच्यामधून तरंड्यांच्या तळाशी हवा शिरते आणि विमान लवकर सुटते. थोडासा अडथळा दिसणारी गोष्टच येथे उपकारक ठरते.

उतरण्याची रीतही अशीच धीमी आहे. तोंड वाऱ्याकडे, मोटार थोडी चालू आणि नाक किंचित वर ठेवून विमान पाण्याजवळ आणतात. प्रथम पायरी पाण्याला लागावी. तरंड्यांची टोके आधी लागली, तर विमान पालथे होते. पाण्याला स्पर्श झाल्यावरही काही क्षण विमान धावत राहते, मग हळूहळू पाण्यात बसते आणि शेवटी पूर्वीसारखे तरंगू लागते.

एवढी काळजी घेऊनही विमान कधीतरी उलटतेच. तरंडे आकाशाकडे आणि पंख पाण्यात, अशी त्याची केविलवाणी स्थिती होते. ग्राहक यंत्र पाण्याखाली गेले, म्हणजे काठावरून पाठविलेला संदेशही त्याला पोचत नाही. अशा वेळी त्याच्या धन्याचे मन पाण्यात उडी घालण्यास धावते. ही उडी कधीही घालू नये. दगडांच्या जुन्या खाणींत साठलेले पाणी काठाशीच खोल असते; तलावांत पाणवनस्पती पायांना वेढतात; उत्तम पोहणाराही यांत सापडतो. म्हणून जाणते लोक आधीच एक होडी तयार ठेवतात आणि तरंगण्याचे जाकीट घालूनच तिच्यातून जातात. होडी नसेल, तर वारा विमानाला कोणत्या तरी काठाला लावील, याची वाट पाहतात. वाट पाहूनही ते आले नाही, तर ते गेले असे समजतात. लाकूड, थर्माकोल आणि तारा पुन्हा मिळतात, आणि ते जोडणारे हात शाबूत असले, म्हणजे विमानही पुन्हा तयार होते.

जागा निवडतानाही विवेक लागतो. जेथे लोक पोहतात किंवा जाळी टाकतात, जेथे उड्डाणास परवानगी नाही, तेथे विमान आणू नये. ज्या तळ्यावर पक्षी उतरले आहेत, तेथेही आणू नये. या विद्येचे मूळ धडे ज्यांनी दिले, त्यांनाच तिच्या आवाजाने उठवून लावणे योग्य नव्हे.

फाब्र यांचे पहिले यंत्र उठले नाही. कर्टिस यांचे ‘लून’ पाण्याला चिकटून राहिले. क्रेस यांचे तर बुडालेच. या तिघांपैकी कोणाचेही विमान तरंगण्यात कमी पडले नव्हते. आधार कसा मिळवावा, हे त्यांना ठाऊक होते. तो योग्य वेळी सुटावा कसा, हे शोधावे लागले. ते शोधून काढण्यास अनेक वर्षे लागली, आणि उत्तर सापडले ते तळाच्या एका लहानशा पायरीत. आज एखाद्या तलावाच्या काठी कोणी मुलगा किंवा मुलगी आपल्या छोट्या विमानाच्या तरंड्यावर ती पायरी कोरते, तेव्हा त्या साऱ्या प्रयत्नांचे फळ त्यांच्या हाती आलेले असते. विमान धावू लागते, फवारा मागे पडतो, तरंडे पाण्याला केवळ टेकलेले राहतात. आणि मग पाण्यावर एक बारीक रेघ उरते. तीही क्षणभरच दिसते. विमान तोवर वर गेलेले असते.

स्वाध्याय

१. वारकरी पक्ष्याचे उड्डाण आणि जलविमानाचे उड्डाण यांत कोणते साम्य आहे?
२. ‘तरंगणे आणि पाण्यावरून सुटणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.’ हे विधान पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. चमच्याचा प्रयोग घरी करून पाहा आणि जे दिसले ते आपल्या शब्दांत लिहा.
४. एका छोट्या विमानाचे वजन तीन किलोग्रॅम आहे. त्याच्या प्रत्येक तरंड्याचे आकारमान सुमारे किती लिटर असावे?
५. पाण्यात उलटलेले विमान आणण्यासाठी पाण्यात उडी का घालू नये? अशा वेळी काय करावे?
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: हात टेकणे, तोंडात बोटे घालणे, गत्यंतर नसणे, हार मानणे.